ओपनरेस्टीने लोड बॅलन्सिंग : कांद्याच्या हंगामात तीन सर्व्हर नीट कसे चालवायचे?

कांदापट्टी | ६ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात मार्केट यार्डाजवळ बसून आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करतो. त्याची मुख्य कामं दोन. त्या दिवसाचे भाव शेतकऱ्याला दाखवायचे, आणि गाडीचा तोल-लिलाव झाला की त्याची हिशेबपट्टी मोबाइलवर द्यायची. उन्हाळ्यात हे सगळं एका सर्व्हरवर निवांत चालतं. डिसेंबर लागला की लाल कांद्याची आवक वाढते, जिल्ह्यातल्या गाड्या असतातच, वर विजयपूर-कलबुर्गीकडच्याही येतात. भाव निघाले की आमच्याकडून सूचना जाते आणि सगळे एकाच मिनिटात पान उघडतात.

सध्याची मांडणी अशी : पुढे एक लहान सर्व्हर, त्यावर एन्जिनएक्स, म्हणजे आलेल्या रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरना वाटून देणारा वेब सर्व्हर. मागे तीन सर्व्हर, दोन जुने ४ कोअरचे आणि एक नवा ८ कोअरचा. तिन्ही पुण्यात भाड्याने घेतलेले. मुख्य डेटाबेस पहिल्यावर, बाकी दोघांवर त्याची प्रत.

गेल्या गुरुवारी दुसऱ्या सर्व्हरवर डेटाबेसची कनेक्शनं अडकली. सर्व्हर जिवंत होता, पोर्ट उघडं होतं, पण उत्तर येत नव्हतं. एन्जिनएक्स त्याला आपली पाळीनं रिक्वेस्ट देतच राहिला. दर तिसऱ्या माणसाला मिनिटभर कोरं पान. त्यातला एक शेतकरी पहाटे तीनला घरून निघून गाडी घेऊन आलेला. आपल्या मालाचा काय भाव लागला हे बघायला तो फोन हातात धरून उभा होता. मला ते बघवलं नाही.

रात्री मी पाळी काढून आयपी हॅश (ग्राहकाच्या आयपी पत्त्यावरून सर्व्हर ठरवणं) लावलं. दुसऱ्या दिवशी आणखी वाईट. दोन सर्व्हर रिकामे आणि एकाचा श्वास कोंडलेला.

ओपनरेस्टीत, म्हणजे लुआ भाषा जोडलेल्या एन्जिनएक्समध्ये, स्वतःचा बॅलन्सर (रिक्वेस्ट कुठल्या सर्व्हरला द्यायची ते ठरवणारा कोड) लिहिता येतो असं वाचलं. कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? संक्रांतीपर्यंत ही गर्दी कमी होत नाही, त्यामुळे वेळ थोडा आहे.

बाराबंदी | ६ डिसेंबर, रात्री १०:१५

लुआ नंतर बघू. आधी आयपी हॅशचं सांगतो, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आयपी हॅश पूर्ण पत्ता बघत नाही. आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीन आकडे घेतो, शेवटचा सोडून देतो. तुमचे वाचणारे जवळजवळ सगळे मोबाइलवरचे, आणि मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवतात. म्हणजे तुमच्या दृष्टीने अख्खा तालुका एकाच दारातून आला आणि एकाच सर्व्हरवर गेला. त्यात एन्जिनएक्सचं काही चुकलं नाही. ती पद्धत तुमच्या गर्दीला लागू नाही, एवढंच.

गुरुवारचं कारणही साध्या कॉन्फिगमध्येच आहे. प्रॉक्सी कनेक्ट टाइमआउट (मागच्या सर्व्हरशी जोडणीची वाट बघायची मुदत) आणि प्रॉक्सी रीड टाइमआउट (त्याच्या उत्तराची वाट बघायची मुदत) दोन्ही मुळात ६० सेकंद असतात. तुमचं कोरं मिनिट हेच. कनेक्ट २ सेकंद करा, भावाच्या पानासाठी रीड ५ सेकंद करा. मॅक्स फेल्स मुळात १ आणि फेल टाइमआउट १० सेकंद असतो, म्हणजे एक चूक झाली की सर्व्हर १० सेकंद बाजूला आणि मग परत आत. आणि अपस्ट्रीममध्ये, म्हणजे मागच्या सर्व्हरच्या यादीत, झोन (सगळ्यांची सामायिक मेमरी) लिहिलंय का? नसेल तर प्रत्येक वर्कर (एन्जिनएक्सची काम करणारी प्रोसेस) आपापलं वेगळं गणित ठेवतो. एका वर्करला कळलेलं दुसऱ्याला कळत नाही.

कांदापट्टी | ६ डिसेंबर, रात्री १०:३२

झोन नव्हतं. टाइमआउटला तर कधी हातच लावला नव्हता. आत्ता बदलतो. मनापासून धन्यवाद.

जुळे_सोलापूरकर | ७ डिसेंबर, सकाळी ७:५०

माझं मत जरा वेगळं आहे. हेप्रॉक्सी हा रिक्वेस्ट वाटणारा दुसरा प्रोग्राम का नाही? तोही मुक्त स्रोत. सर्व्हरला दर काही सेकंदांनी स्वतःहून विचारून बघणं, म्हणजे ॲक्टिव्ह हेल्थ चेक, त्यात फुकट मिळतं. एन्जिनएक्समध्ये ती सोय पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे. आजारी सर्व्हर बरा होऊन परत आला की त्याच्यावर हळूहळू ओझं चढवणंही हेप्रॉक्सीत आहे. कुठला सर्व्हर कशा अवस्थेत आहे ते दाखवणारं पानसुद्धा तयार मिळतं. २०१५ च्या १.६ आवृत्तीपासून तर लुआही आहे. तयार असलेली गोष्ट हाताने लिहायची, तर कारण भक्कम हवं.

मागवाला | ७ डिसेंबर, सकाळी ११:०५

जुळे_सोलापूरकर यांचा मुद्दा बरोबर आहे. नुसती वाटणी करायची असती तर मीही हेप्रॉक्सीच म्हणालो असतो. मी टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना ऑर्डरची प्रणाली देतो आणि चार वर्षांपासून ओपनरेस्टी चालवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ते आहे काय? एन्जिनएक्स इगोर सिसोयेव यांनी लिहिलं, २००४ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. थोडेच वर्कर, आणि प्रत्येक वर्कर कुणाची वाट बघत न बसता हजारो कनेक्शनं सांभाळतो. लुआ ही १९९३ मध्ये ब्राझीलच्या रिओत जन्मलेली लहानशी भाषा, पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. मोठ्या प्रोग्रामच्या पोटात बसवायला ती फार सोयीची. यीचुन झांग यांनी एन्जिनएक्स, लुआजिट (लुआ वेगाने चालवणारं यंत्र) आणि बरीच लायब्ररी एकत्र बांधून ओपनरेस्टी उभं केलं. काँग आणि एपीआयसिक्स हे गेटवे याच्याच पायावर आहेत.

एन्जिनएक्समध्ये रिक्वेस्ट टप्प्याटप्प्याने पुढे जाते. ओपनरेस्टी प्रत्येक टप्प्यावर तुम्हाला लुआ लिहायला जागा देतं. आत शिरताना ॲक्सेस, सर्व्हर निवडताना बॅलन्सर, उत्तराचे हेडर (उत्तरासोबतच्या माहितीच्या ओळी) परत जाताना हेडर फिल्टर, सगळं संपल्यावर लॉग.

आता खरा अडथळा कुठे येतो ते सांगतो. बॅलन्सरच्या टप्प्यात थांबायला परवानगी नाही. तिथून रेडिसला (मेमरीत चालणारा वेगळा डेटासाठा) विचारता येत नाही, डेटाबेसला नाही, डीएनएसलाही (नावावरून आयपी सांगणारी सेवा) नाही. सेट करंट पीअरला (सर्व्हर ठरवणारं फंक्शन) सर्व्हरचं नाव दिलेलंही चालत नाही, आयपी आणि पोर्टच द्यावं लागतं. त्यामुळे विचार करायचा तो ॲक्सेसमध्ये, निर्णय रिक्वेस्टच्या कॉन्टेक्स्टमध्ये (त्या रिक्वेस्टपुरत्या तात्पुरत्या जागेत) ठेवायचा आणि बॅलन्सरने तो फक्त उचलायचा. माझा बॅलन्सर ब्लॉक पंधरा ओळींच्या पुढे कधी गेला नाही. अपस्ट्रीममध्ये एक खोटा पत्ता मात्र लिहावा लागतो, ०.०.०.१ असा. तो नसेल तर कॉन्फिग उभंच राहत नाही.

दुसरी गोष्ट पुन्हा प्रयत्नाची. सेट मोअर ट्राइज बोलावलं नाही तर पहिला सर्व्हर पडल्यावर एन्जिनएक्स दुसरीकडे जात नाही, ग्राहकाला थेट ५०२ (मागच्या सर्व्हरकडून उत्तर नाही) दिसतो. बोलावलं तर प्रत्येक प्रयत्नाला तुमचा बॅलन्सर नव्याने चालतो. म्हणून आधी कुणाकडे गेलो होतो ते लक्षात ठेवणं तुमचं काम. नाहीतर तो पुन्हा त्याच मेलेल्या सर्व्हरकडे जाईल.

आता तुम्ही सांगा, तुमच्याकडे असं काय आहे जे साध्या कॉन्फिगला जमत नाही?

कांदापट्टी | ७ डिसेंबर, दुपारी १:२०

दोन गोष्टी आहेत.

पहिली लिहिण्याची. आडत दुकानातून आलेली प्रत्येक नोंद मुख्य डेटाबेसकडे, म्हणजे पहिल्या सर्व्हरकडेच गेली पाहिजे.

दुसरी पट्टीची. दुकानदार पट्टी तयार करतो, शेतकऱ्याला लगेच लिंक जाते, तो लगेच उघडतो. पण त्याची रिक्वेस्ट दुसऱ्या-तिसऱ्या सर्व्हरकडे गेली आणि प्रत चार सेकंद मागे असली तर त्याला दिसतं, 'पट्टी सापडली नाही'. मग तो दुकानात जाऊन भांडतो. त्याचंही बरोबरच आहे, वर्षाचा माल आहे त्याचा.

बाराबंदी | ७ डिसेंबर, दुपारी २:०५

पहिलीला लुआ नको. मॅप वापरा. पोस्ट, पुट, डिलीट अशी लिहिणारी, बदलणारी किंवा पुसणारी रिक्वेस्ट आली तर एक अपस्ट्रीम, बाकी दुसरा. चार ओळी होतात.

दुसरीला वाटलं होतं कुकी चालेल, लिहिणाऱ्याला काही सेकंद मुख्य सर्व्हरवर धरून ठेवायचं. पण तुमच्याकडे लिहिणारा दुकानदार आणि वाचणारा शेतकरी. कुकी एकाच्या फोनमध्ये, गरज दुसऱ्याला. नाही जमणार.

मागवाला | ७ डिसेंबर, दुपारी ३:३०

हे मात्र ओपनरेस्टीचंच काम आहे, आणि मला आवडलं.

लुआ शेअर्ड डिक्ट म्हणून एक वही असते, सगळ्या वर्करना मिळून एकच. त्यात लिहिलेल्याला मुदत लावता येते. पट्टी तयार झाली की तुमच्या ॲप्लिकेशनने उत्तराच्या हेडरमध्ये पट्टी क्रमांक पाठवायचा. हेडर फिल्टरमध्ये तो वहीत लिहायचा, मुदत १५ सेकंद. पट्टी बघायची रिक्वेस्ट आली की ॲक्सेसमध्ये पत्त्यातला क्रमांक वहीत आहे का बघायचं. असेल तर पहिला सर्व्हर, नसेल तर कुठलाही. मुदत संपली की नोंद आपोआप गळून जाते. शेतकऱ्याच्या फोनला काहीच माहीत असण्याची गरज नाही.

रीलोड केलं तरी ही वही टिकते. पूर्ण बंद करून चालू केलं तर पुसली जाते. १५ सेकंदांच्या नोंदींसाठी त्याचं काही बिघडत नाही.

कांदापट्टी | ७ डिसेंबर, दुपारी ३:४१

हे दोनदा वाचलं. ॲप्लिकेशनला फक्त एक हेडर वाढवायचा आहे. आज रात्रीच करून बघतो.

प्रयोगवही | ७ डिसेंबर, रात्री ८:१०

मी इथल्या एका कॉलेजात नेटवर्किंग शिकवते. सगळा धागा वाचला आणि एक प्रश्न पडला. भावाचं पान प्रत्येकाला वेगळं दिसतं का? नसेल तर ते तीन सर्व्हरवर वाटायचंच कशाला?

एकाच मिनिटात हजारो लोक तेच पान मागतात. पुढच्या एन्जिनएक्सवर प्रॉक्सी कॅश (आलेलं उत्तर साठवून तेच सगळ्यांना देणं) लावा, मुदत फक्त ३ सेकंद. प्रॉक्सी कॅश लॉक चालू करा, म्हणजे पान कॅशमध्ये नसताना मागे एकच रिक्वेस्ट जाते आणि बाकीचे त्याच उत्तराची वाट बघतात. यूज स्टेलमध्ये अपडेटिंग लिहा, म्हणजे नवं येईपर्यंत जुनं मिळतं. एररही लिहा, तिन्ही सर्व्हर पडले तरी शेवटचे भाव दिसत राहतील. लिलाव चालू असताना भाव तीन सेकंद जुना असला तर कुणाचं नुकसान होत नाही.

एक काळजी घ्या. पट्टीची पानं चुकूनही कॅशमध्ये जाऊ देऊ नका. एकाची पट्टी दुसऱ्याला दिसणं ही फार गंभीर चूक होईल. कॅश फक्त भावाच्या पत्त्यावर लावा, सगळ्या साइटवर लावून मग अपवाद काढत बसू नका.

जुळे_सोलापूरकर | ७ डिसेंबर, रात्री ८:३२

प्रयोगवही ताई, +१. आमच्या सगळ्यांच्या नजरेतून हे सुटलं होतं.

कांदापट्टी | ९ डिसेंबर, रात्री १०:५०

दोन दिवसांचं सांगतो. कॅश लावल्यावर सूचनेनंतरची उसळी मागच्या सर्व्हरना जाणवलीच नाही. भाषेनुसार दोन पानं आहेत, मराठी आणि कन्नड, म्हणून कॅशच्या किल्लीत भाषा घालावी लागली. पहिल्या दिवशी ती राहिली होती आणि थोडा वेळ मराठी शेतकऱ्यांना कन्नड पान गेलं. फोन आले, लगेच दुरुस्त केलं.

पट्टीचं वहीवालं गणितही बसलं. 'सापडली नाही' अशी एकही तक्रार नाही.

आता उरलं ते आजारी सर्व्हर ओळखणं आणि पट्टीच्या पानांची वाटणी. नवा सर्व्हर दुप्पट ताकदीचा, पण पाळीत त्यालाही तेवढंच मिळतं.

आणखी एक विचारायचं होतं. पोस्ट रिक्वेस्ट पडली तर एन्जिनएक्स ती दुसऱ्या सर्व्हरकडे देत नाही असं दिसतंय. नॉन आयडेम्पोटेंट लिहून ते चालू करता येतं. करू का?

मागवाला | ९ डिसेंबर, रात्री ११:२०

करू नका. हे मी जळल्याशिवाय सांगत नाहीये.

१.९.१३ आवृत्तीपासून एन्जिनएक्सने पोस्ट मुद्दाम अडवलंय. मी एका कारखान्यासाठी ते चालू केलं होतं. एका ऑर्डरला सर्व्हरकडून उत्तर यायला उशीर झाला, टाइमआउट लागला, रिक्वेस्ट दुसरीकडे गेली. पण पहिल्याने काम पूर्ण केलेलं होतं, फक्त उत्तर पोचलं नव्हतं. एकाच ऑर्डरचे दोन चलान निघाले आणि माल दोनदा विणला गेला. मागावर चढलेलं सूत परत उतरत नाही. त्या कामगारांची मजुरी मी माझ्या बिलातून वळती केली. ते योग्यच होतं, चूक माझी होती.

तुमच्याकडे त्याच गाडीच्या दोन पट्ट्या निघतील. आधी प्रत्येक नोंदीला दुकानाच्या बाजूनेच एक वेगळा क्रमांक द्या आणि डेटाबेसमध्ये तो दोनदा येऊ देऊ नका. ते पक्कं झालं की मगच या विषयाकडे या.

बाराबंदी | १० डिसेंबर, सकाळी ६:४५

वाटणीबद्दल लिहितो. यार्डातला हमालांचा मुकादम बघा. तो पोती पाळीनं देत नाही. कुणाची पाठ रिकामी झाली ते बघतो आणि त्याला हाक मारतो. लीस्ट कॉन म्हणजे तेच, ज्याच्याकडे चालू रिक्वेस्ट कमी त्याला पुढची. वजन २ लिहिलंत तर ८ कोअरवाला दुप्पट धरला जाईल. झोन असेल तर सगळे वर्कर मिळून एकच मोजणी करतात. एवढंही साध्या कॉन्फिगमध्ये होतं.

तरीही आजारी सर्व्हरचा प्रश्न लीस्ट कॉनने सुटत नाही, उलट कधी वाढतो. बिघडलेला सर्व्हर झटकन ५०० (सर्व्हरमधली चूक) फेकत असेल तर त्याच्याकडच्या चालू रिक्वेस्ट नेहमी कमी दिसतात, आणि सगळी गर्दी त्याच्याच अंगावर जाते. म्हणून हेल्थ चेक पाहिजेच.

मागवाला | १० डिसेंबर, दुपारी १२:१०

हेल्थ चेकसाठी ओपनरेस्टीत तयार लायब्ररी आहे, लुआ रेस्टी अपस्ट्रीम हेल्थचेक. ती नेहमीच्या अपस्ट्रीमवर चालते, लीस्ट कॉनसकट. सगळ्या वर्करनी मिळून सर्व्हरला भंडावून सोडू नये म्हणून शेअर्ड डिक्टमध्ये कुलूप ठेवते, एक वर्कर विचारतो आणि निकाल सगळ्यांना मिळतो. कांदापट्टी, तुमच्याकडे पट्टीच्या पंधरा सेकंदांपुरताच वेगळा रस्ता आहे, तो ॲक्सेसमध्ये अपस्ट्रीमचं नाव बदलूनही होतो. म्हणजे तुम्हाला स्वतःचा बॅलन्सर लिहावाच लागणार नाही. तीन दिवसांपूर्वी मी एवढं लांबलचक बॅलन्सर ब्लॉकचं सांगितलं. तुमचं काम नीट कळल्यावर मत बदललं.

तपासणीचं पान मात्र विचार करून लिहा. नुसतं 'ठीक आहे' म्हणणारं पान गुरुवारी तुम्हाला काहीच सांगू शकलं नसतं. त्या पानाने डेटाबेसमधून एक ओळ वाचून दाखवावी, एका सेकंदाच्या आत. आणि प्रत किती मागे आहे तेही बघावं. फार मागे असेल तर त्या सर्व्हरने स्वतःहून ५०३ ('सध्या सेवा नाही') द्यावा.

प्रयोगवही | १० डिसेंबर, दुपारी ४:००

त्यात एक पुरवणी. मुख्य डेटाबेसच अडकला आणि तिन्ही सर्व्हरच्या तपासण्या त्यालाच विचारत असतील तर तिघेही एकदम बाद होतील. प्रत्येक सर्व्हरने आपल्याच डेटाबेसला विचारावं. मुलांना हे प्रात्यक्षिकात दाखवते. चांगला सर्व्हरसुद्धा शेजाऱ्याच्या दुखण्याने बाहेर काढला जातो.

आणि लुआ लिहिताना प्रत्येक चलाच्या (व्हेरिएबलच्या) आधी लोकल लिहायला विसरू नका. एका वर्करमध्ये अनेक रिक्वेस्ट एकाच लुआ यंत्रात चालतात. लोकल राहिलं तर एकाचा पट्टी क्रमांक दुसऱ्याच्या रिक्वेस्टमध्ये डोकावू शकतो. चाचणीत हे सापडत नाही, गर्दीतच उगवतं. लुआ कोड कॅश विकासाच्या वेळी बंद ठेवला असेल तर तो खऱ्या सर्व्हरवर चालू आहे ना, तेही एकदा बघा.

कांदापट्टी | १३ डिसेंबर, रात्री ९:१५

मंडळी, आजचं सांगायलाच पाहिजे. सकाळी लिलाव रंगात असताना तिसऱ्या सर्व्हरची डिस्क भरली. माझ्या लॉगमुळेच. तपासणीच्या पानाने सलग तीन वेळा ५०३ दिला, सर्व्हर बाहेर निघाला. मला कळलं ते फोनवरच्या सूचनेवरून. दुकानातून एकही फोन आला नाही. मी शांतपणे लॉग साफ केले, सर्व्हर परत आत आला. त्या गुरुवारी हेच झालं असतं तर दिवस गेला असता.

शेवटी माझं लुआ पस्तीस ओळींचं आहे. वहीत लिहिणं, वही बघणं, हेल्थ चेक सुरू करणं. बाकी सगळं साधं कॉन्फिग.

आता एकच भीती. पुढचा सर्व्हर एकच आहे. तो पडला तर मागचे तिन्ही धडधाकट असून काय उपयोग?

जुळे_सोलापूरकर | १३ डिसेंबर, रात्री ९:५०

कीपअलाइव्हड. दोन पुढचे सर्व्हर, दोघांत मिळून एक आभासी आयपी. ज्याच्याकडे आयपी आहे तो दुसऱ्याला सतत 'मी आहे' सांगत राहतो. तो आवाज थांबला की दुसरा आयपी उचलतो. फक्त भाड्याच्या सर्व्हरवर हे नेहमी चालतंच असं नाही. बऱ्याच ठिकाणी नेटवर्क असा आयपी हलवू देत नाही, त्यांच्याकडूनच हलता आयपी घेऊन तो त्यांच्या एपीआयने वळवावा लागतो. आधी त्यांना विचारा.

आणि शेअर्ड डिक्ट एका सर्व्हरपुरतीच असते. आयपी दुसऱ्याकडे गेला त्या क्षणी तिथली वही कोरी असेल. पंधरा सेकंद काही पट्ट्या 'सापडली नाही' म्हणू शकतात.

मागवाला | १३ डिसेंबर, रात्री १०:०५

तेवढ्यासाठी रेडिस आणू नका. पट्टी सापडली नाही आणि रिक्वेस्ट प्रत असलेल्या सर्व्हरकडे गेली होती, तर ती एकदा पहिल्या सर्व्हरला विचारून बघा. प्रॉक्सी इंटरसेप्ट एरर्स चालू करून ४०४ ला ('सापडलं नाही' या उत्तराला) एका आतल्या लोकेशनकडे वळवलं की झालं. पट्टी वाचणं ही गेट (GET), म्हणजे नुसती वाचण्याची रिक्वेस्ट आहे, दोनदा विचारल्याने काही बिघडत नाही.

कांदापट्टी | १३ डिसेंबर, रात्री १०:२०

म्हणजे पंधरा सेकंदांच्या पलीकडे प्रत मागे राहिली तरी हे सांभाळून घेईल. हे तर आधीच लावायला हवं.

दुसरा पुढचा सर्व्हर उद्या घेतो. हलत्या आयपीचं त्यांना विचारलंय, मिळतो म्हणाले. बाजार बंद असेल त्या दिवशी पहाटे पुढचा पहिला सर्व्हर मुद्दाम बंद करून बघणार आहे. मागवाला, तुम्ही तेव्हा फोनवर असाल का?

मागवाला | १३ डिसेंबर, रात्री १०:२४

असेन. पाचला उठतो मी. बंद करायच्या आधी डीएनएसमध्ये जुना आयपी कुठे उरलाय का तेवढं बघून ठेवा.